ताई, टच आपोआप नाचतोय!

मोबाईल-टॅबच्या तक्रारी घेऊन आलेली या महिन्याची पत्रं. लांबलेले प्रश्न मी कापून थोडक्यात दिलेत. उत्तरं मात्र लांबली तर लांबली. बेळगावच्या शहापुरात दुरुस्तीच्या काउंटरवर बोलते तशीच इथंही बोलणार.

मुलगी यंदा आठवीला, मराठी माध्यम. अभ्यासासाठी टॅब घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, सिमवालाच घ्या, थोडेच जास्त पडतात. मी आणि मिस्टर सकाळी बाहेर पडतो ते संध्याकाळीच परत. घरी सासूबाई असतात, त्यांच्याकडे साधा फोन. नेट नसलेला टॅब घेऊन काय करायचं? आणि ‘८+८ जीबी’ म्हणजे १६ का? — एक वाचक, निपाणी

वहिनी, तुम्ही ज्याला अडचण म्हणताय, ती मला सोयच वाटते. आठवीतली पोर, दिवसभर घरात आजी, आणि हातात सिम घातलेला टॅब. अभ्यास किती होईल, तुम्हीच सांगा. बिनसिमचा, फक्त वायफायवाला घ्या. संध्याकाळी तुमच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, दुसऱ्या दिवशी लागणारे धडे आणि व्हिडिओ उतरवून ठेवा. दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपमधलं साहित्य डाउनलोड होतं, यूट्यूबचे बरेच व्हिडिओही ऑफलाइन ठेवता येतात, पीडीएफला तर नेट लागतच नाही. आजी जेवायला हाक मारतील तेव्हा पोर लगेच उठेल, हा वरचा फायदा. सिमवाल्याला पैसे एकदाच जास्त पडतात असं नाही. त्याचा रिचार्जही दर महिन्याला मागं लागतो, हे दुकानदार सांगायचं विसरतो.

एक गोष्ट आपल्या भागात हमखास चुकते. गुगलवर ‘आठवी मराठी माध्यम पुस्तक’ शोधलं की महाराष्ट्राच्या बालभारतीचं पुस्तक आधी पुढ्यात येतं. पोरं तेच उतरवून घेतात आणि शाळेत धडा जुळत नाही म्हणून बसतात. निपाणीच्या शाळेला कर्नाटकाचा अभ्यासक्रम. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, तिथूनच घ्या. दीक्षामध्येही बोर्ड विचारलं की भाषा मराठी म्हणून महाराष्ट्रावर बोट ठेवू नका, कर्नाटक निवडा.

आता ‘८+८’. खरी रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, आठच. अधिकच्या खुणेनंतरचे आठ म्हणजे स्टोरेजचा एक कोपरा रॅमसारखा वापरायला काढलेला असतो. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू, त्यामुळं त्या आठाची किंमत आठ नाही. खोक्यावर सोळा मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी तुम्ही अधिकच्या आधीचा आकडा तेवढा वाचा. अभ्यासाला ४ जीबी चालते, ६ असेल तर बरं. स्टोरेज १२८ जीबी घ्या, ६४ दोन वर्षांत भरतं. स्क्रीन दहा-अकरा इंचांची हवी. आठ इंचावर पुस्तकाचं पान पूर्ण दिसतं, पण अक्षर बारीक होतं, मग बोटानं मोठं करून सरकवत बसायचं. मोठा टॅब अर्धा किलोच्या आसपास भरतो, पोरीचं मनगट दुखतं, म्हणून उभा राहणारा कव्हर त्याच दिवशी घ्या. टॅबची काच फुटली तर बदलायचा खर्च ऐकून लोक माझ्या स्टुलावर बसतात.

पैसे देण्याआधी विचारा: सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, आणि सर्व्हिस सेंटर कुठं? निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तेव्हा दोन्हीकडं चौकशी करा. घरी आणल्यावर गुगलचं फॅमिली लिंक बसवा. कुठलं ॲप घालायचं, रात्री किती वाजता टॅब बंद व्हायचा, हे तुमच्या फोनवरून ठरवता येतं. मुलीला न सांगता गुपचूप बसवू नका, तिला शेजारी बसवून बसवा.

चार्जिंग लावलं की फोनचा टच आपोआप चालतो. अक्षरं स्वतःच टाइप होतात, परवा साडूंना आपोआप कॉल लागला. एका दुकानात डिस्प्ले बदला म्हणाले. बदलू का? — उचगाव

थांबा भाऊ, पैसे खिशातच ठेवा. आधी पिन काढून बघा. पिन काढल्यावर टच शहाण्यासारखा वागतो का? तुमच्या पत्रावरून तरी वागतो असंच दिसतंय. मग पॉवर बँकेवर चार्जिंगला लावा. पॉवर बँकेवरही टच नीट चालला, तर दोष डिस्प्लेचा नव्हे, चार्जरचा.

असं का होतं ते सांगते. बोट टेकलं की काचेखालच्या जाळीतला विजेचा भार किंचित बदलतो, तेवढ्यावरून फोन ओळखतो की बोट कुठं आहे. चांगला चार्जर २३० व्होल्टच्या विजेतली खरखर आत गाळून टाकतो. स्वस्तातल्या चार्जरमध्ये गाळणारे सुटे भागच वाचवलेले असतात. ती खरखर वायरीतून फोनमध्ये येते आणि फोनला नसलेली बोटं दिसायला लागतात. फोन गादीवर ठेवला की जास्त आणि हातात धरला की कमी नाचतो, असंही कुणी कुणी सांगतं. ते खोटं नाही.

नवीन चार्जर घेताना त्याच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. ‘आयएस १३२५२’ आणि खाली ‘आर’ अक्षरापुढं आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीचा माल आहे ते दिसतं. नंबरच नसेल, किंवा टाकल्यावर भलत्याच वस्तूचं नाव आलं, तर चार्जर परत करा. खडेबाजारात रस्त्यावर टोपलीत मिळणारे चार्जर मी कुणाला घेऊ नका म्हणत नाही, घेतल्यावर माझ्याकडं फोन आणू नका एवढंच म्हणते.

पॉवर बँकेवरही टच नाचत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा फोन सपाट टेबलावर पालथा ठेवून फिरवून बघा. भिंगरीसारखा फिरला किंवा मागचं झाकण कडेला उचललेलं दिसलं, तर बॅटरी फुगलीय आणि ती आतून डिस्प्लेला ढकलतेय. तसं असेल तर चार्जिंग तिथंच बंद. टोचू नका, दाबून झाकण बसवू नका, सरळ दुकानात आणा.

घर बाचीच्या पुढं, हद्दीला लागून. पुढच्या खोलीत नेट चालतं, मागच्या खोलीत गेलं की बंद. टॉवरच्या काड्या मात्र भरलेल्या! दिवसातून कितीदा तरी ‘महाराष्ट्रात स्वागत’चा मेसेज. बॅटरीही दुपारपर्यंत संपते. फोन खराब आहे का?

फोन धडधाकट आहे. तुमचा पुढचा दरवाजा बेळगावच्या टॉवरकडं आणि परसदार शिनोळीच्या टॉवरकडं. मोबाईल सेवेसाठी सरकारनं देशाचे जे सर्कल, म्हणजे विभाग, पाडलेत, त्यात बेळगाव कर्नाटकात आणि शिनोळीचा चंदगड तालुका महाराष्ट्र-गोव्याच्या सर्कलमध्ये. मागच्या खोलीत गेलात की फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि त्याच्या लेखी तुम्ही रोमिंगमध्ये जाता. काड्या त्या टॉवरच्या, म्हणून भरलेल्या. नेट बंद, कारण तुमच्या फोनात ‘डेटा रोमिंग’ बंद असणार. बऱ्याच फोनमध्ये हे बटण विकत घेतानाच बंद असतं.

सेटिंगमध्ये सिमच्या भागात जा, डेटा रोमिंग चालू करा. पैसे कापतील म्हणून घाबरू नका. ती भीती जुनी आहे, मला माहीत आहे. रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे तेव्हा शिनोळीच्या फाट्यावर फोन वाजला की माणसं तो कट करायची, आणि बेळगावच्या बाजूला येऊन उलटा लावायची. आताच्या नेहमीच्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये देशातल्या रोमिंगला वेगळे पैसे नसतात. तरी तुमचा प्लॅन कंपनीच्या ॲपमध्ये एकदा वाचून घ्या. परदेशी गेलात तर मात्र हेच बटण आधी बंद करायचं.

बॅटरीचं कारणही तिथंच. दोन टॉवरच्या मधे फोन सतत इकडचा की तिकडचा करत राहतो, आणि रेंज कमी तितकी तो ताकद जास्त लावतो. ५जीची रेंज तुमच्याकडं येत-जात असेल तर ‘पसंतीचं नेटवर्क’ ४जीवर ठेवा, एक शोध कमी होईल. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे मागच्या खोलीतही बोलणं तुटणार नाही. एवढं करूनही भागलं नाही तर कंपनी बदला. पण जाहिरात बघून नको. शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम एक दिवस तुमच्या फोनात घालून मागच्या खोलीत, न्हाणीपाशी, गोठ्यात, सगळीकडं फिरून बघा. पटलं तर ‘पोर्ट’ लिहून पुढं आपला नंबर, आणि १९०० वर मेसेज. २०१५ पासून सर्कल बदलूनही नंबर तोच ठेवता येतो. म्हणजे मनात आलं तर तुम्ही पूर्णपणे परसदारच्या टॉवरचे होऊ शकता. सीमाप्रश्नाचा एवढा भाग तरी घरबसल्या सुटतो.

कणकुंबीला पावसात फोन भिजला. दोन दिवस तांदळात पुरून ठेवला. आता चार्जिंग लावलं की थेंबाचं चित्र येतं. — खानापूर तालुका

तांदूळ बाहेर काढा आणि भात करा. बेळगावी बासमती असेल तर मला बोलवा. तांदूळ फोनच्या पोटातलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी आणि कणी पिनेच्या भोकात जाते. आयफोन बनवणारी कंपनीही स्पष्ट सांगते, तांदळाच्या पिशवीत ठेवू नका.

थेंबाचं चित्र येतंय तोवर चार्जिंग लावू नका. ‘तरीही चार्ज करा’ असा पर्याय आला तर तो दाबायचा नाही. सिमचा ट्रे काढा, भोक खाली करून तळहातावर हलकेच आपटा, पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, चुलीच्या वाइलावर तर अजिबात नको. पण कणकुंबीच्या पावसाळ्यात हवाच ओली, तिथं पंखा काय वाळवणार? बूट-पर्सच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून ठेवत जा. घट्ट झाकणाच्या डब्यात फोन आणि त्या पुड्या एकत्र. फोन ओढ्यात बुडाला असेल, गढूळ पाणी गेलं असेल, तर वाळायची वाटच बघू नका. बंद करून तसाच घेऊन या. आतलं तांबं हिरवं पडायला लागलं की दुरुस्ती अवघड.

चिकोडीत जुना फोन घेतला. रिसेट मारल्यावर आधीच्या मालकाचं जीमेल मागतोय. उघडून द्याल का?

नाही. फोन चोरीचा निघाला तर तुम्हाला उपयोग नसावा, म्हणूनच ते कुलूप असतं. ते आधीच्या मालकाच्या पासवर्डनंच उघडायचं. विकणाऱ्याला गाठा. यापुढं कुणीही जुना फोन घेताना पैसे देण्याआधी स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, काढा. केवायएम लिहून, जागा सोडून, तो नंबर १४४२२ ला पाठवा, किंवा संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासा. आणि विकणाऱ्याला तुमच्या समोर स्वतःचं खातं काढायला लावा.

निवृत्त शिक्षक आहे. वीज, रेशन, बँकेचे मेसेज कन्नडमध्ये येतात. बोलायला येतं, वाचायला नाही. नातू घरी नसला की अडतं. शिवाय मराठी टाइप करताना बोटं अडखळतात. — खानापूर

गुरुजी, मेसेजवर बोट दाबून धरा, कॉपी करा, गुगल ट्रान्सलेटमध्ये चिकटवा, कन्नडमधून मराठी निवडा. दोन्ही भाषा त्या ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवल्यात तर नेट नसतानाही चालतं. कागदावर छापलेली नोटीस असेल तर गुगल लेन्सचा कॅमेरा तिच्यावर धरा. भाषांतर सरकारी कन्नडचं असल्यानं मराठी अंगावर येईल, पण रक्कम, तारीख आणि खातं कुठलं एवढं कळतं. जमिनीचा किंवा कोर्टाचा कागद असेल तर त्या भरवशावर सही करू नका. बोलीभाषा येते ना तुम्हाला? मग शेजारच्या पोराला मोठ्यानं वाचायला सांगा, समजायला तेवढं पुरेल.

मला काळजी वेगळी वाटते. वाचता येत नाही म्हणून माणूस मेसेजमधल्या निळ्या ओळीवर, म्हणजे लिंकवर, बोट ठेवतो. ‘आज रात्री वीज तोडणार’ असा अनोळखी नंबरवरून आलेला मेसेज, व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावानं आलेली एपीके फाइल (दाबली की फोनात ॲप बसवणारी), यांना हात लावायचा नाही. बिल बघायचं तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, कचेरीत किंवा नेहमीच्या पेमेंट ॲपमध्ये बघा. पैसे गेलेच तर नातवाची वाट न बघता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

टाइप करायचं सोडा, बोला. जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, भाषा मराठी घालून माइक दाबा आणि वर्गात सांगायचात तसं सावकाश, खणखणीत सांगा. जोडाक्षरं तो बऱ्यापैकी काढतो. विरामचिन्हं मात्र राहतात, ती तुम्ही हातानं घाला.