अधिभाराला विरोध करा, पण त्याच्या धास्तीने करार उरकू नका

कळव्यातील पन्नास लाखांचे घर विकून घोडबंदर रोडला ८५ लाखांचा टू बीएचके घेण्याचा आपला विचार आहे. परवडणाऱ्या घरांच्या निधीसाठी मुद्रांक शुल्कावर आणखी एक टक्का अधिभार लागणार, अशी सोसायटीत चर्चा असल्याने आईंच्या औषधोपचारासाठी राखलेली मुदत ठेव मोडून याच महिन्यात करार करावा का आणि विरोधाच्या निवेदनावर सही करावी का, असे आपण विचारले आहे.

सही अवश्य करावी. ठाण्यात आजच सात टक्के मुद्रांक शुल्क भरावे लागते: मूळ पाच, स्थानिक संस्थेचा एक आणि एप्रिल २०२२ पासून मेट्रोचा एक. आपल्या नव्या घरावर ते ५,९५,००० रुपये होते, शिवाय नोंदणीचे ३०,०००. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे ती सगळी पदरचीच घालावी लागते. त्यात हा भार फक्त घर बदलणाऱ्यावर पडतो. वर्षानुवर्षे एकाच घरात राहणाऱ्याला या निधीसाठी छदामही द्यावा लागणार नाही, आणि आपल्या कळव्याच्या घराचा ग्राहकही वाढलेले शुल्क आपल्याच भावातून कापून मागेल. घरे स्वस्त व्हावीत म्हणून घर घेणाऱ्यालाच भुर्दंड, हे मला पटत नाही. वाढीव चटईक्षेत्रासाठी, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीसाठी, विकासकांकडून घेतल्या जाणाऱ्या अधिमूल्यातील वाटा त्यासाठी राखून ठेवणे अधिक न्याय्य ठरेल.

ठेव मात्र मोडू नये. एक टक्का म्हणजे ८५,००० रुपये. कळव्याचे घर घाईत काढताना भावात दोन लाख सोडावे लागले, तर वाचवले त्याच्या दुपटीहून अधिक गेले. शुल्काचा दर करारनाम्यावर सह्या होतात त्या दिवसाचा लागतो आणि नोंदणीसाठी पुढे चार महिने मिळतात, म्हणून मसुदा वकिलाकडून तपासून तयार ठेवावा आणि अधिसूचनेची वाट पाहावी. करारमूल्य रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, मूल्यापेक्षा कमी असल्यास शुल्क रेडी रेकनरवर लागते, हेही पाहून घ्यावे; एप्रिल २०२५ मध्ये ठाण्यातील हे दर ७.७२ टक्क्यांनी वाढले, तेव्हा मात्र कोणी निवेदन काढल्याचे मला आठवत नाही.

केवळ पत्नीच्या नावे खरेदी केल्यास एक टक्का सवलत आजही मिळते, म्हणजे तेवढेच ८५,००० वाचतात. मात्र हप्ते आपण भरणार आणि मालकी त्यांची एकट्यांची असेल, तर प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट आपल्याला मिळणार नाही. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती तशीही नाही.