डॉलर न्यावेत की थेट बाट? वाचकांचे प्रश्न

पाऊस सरला की कोकणातून परदेशी निघणाऱ्यांची पत्रं वाढतात. कुणी फिरायला निघालेलं असतं, कुणी आखातातल्या लेकीकडे. या वेळी चलनाबद्दलचे पाच प्रश्न निवडले आहेत.

आम्ही दोघं नोव्हेंबरात सात दिवस थायलंडला जातोय. कोकणकन्येने पहाटे मुंबईत उतरून थेट विमानतळ गाठणार. तिथलं चलन बाट इथूनच घ्यावेत, डॉलर न्यावेत, की तिथे उतरून काय ते करावं? (चिपळूण)

तुमच्या वेळापत्रकातच गोम आहे. पहाटे उतरून विमानतळावर गेलात तर मुंबईतला एकही मनी चेंजर उघडा सापडणार नाही, आणि विमानतळावरच्या खिडकीवर मिळेल तो भाव घ्यावा लागेल. तिथे भाडं भारी आणि गिऱ्हाईक अडलेलं, त्यामुळे भावही तसाच. म्हणून चलनाची सोय गाडीत बसण्याआधी करा. तालुक्याच्या बँकशाखेत परदेशी नोटा बहुधा ठेवलेल्या नसतात, मागवाव्या लागतात. निदान आठवडाभर आधी विचारून ठेवा. प्रवासाच्या तारखेआधी ६० दिवसांपर्यंत चलन घेता येतं. पासपोर्ट, तिकीट, पॅन कार्ड आणि लागत असेल तर व्हिसा सोबत न्या. चलन घेण्यासाठीचा ए-टू नावाचा फॉर्म तिथेच भरून घेतात. रुपये रोख फक्त ५०,००० पर्यंत चालतात, त्यावर गेलात तर चेक किंवा खात्यातून.

आता बाट की डॉलर. 'कमिशन शून्य' ही पाटी वाचूच नका. कमिशन भावातच मुरवलेलं असतं. उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा डॉलरचा बाजारभाव ९० रुपये आहे आणि खिडकीवर ९१.४० ला विकतात. १,००० डॉलरला ९१,४०० रुपये झाले. जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे इथे १६४ रुपये ५२ पैसे. एकूण फटका बाजारभावाच्या पावणेदोन टक्क्यांच्या आत.

आता बाट बघा. समजा बाजारभाव २.८० आणि खिडकीवर ३.०२. दिसायला बावीस पैसेच जास्त, पण २०,००० बाटला ५६,००० ऐवजी ६०,४०० रुपये गेले. जवळजवळ आठ टक्के! बाटला इथे डॉलरइतकं गिऱ्हाईक नाही, नोटा पडून राहतात, त्याची किंमत भावात येते. डॉलर नेऊन बँकॉकमध्ये बाट केले तर चलन दोनदा बदलावं लागतं हे खरं, पण दुसऱ्या बदलात शहरातल्या चांगल्या दुकानात एखादा टक्का जातो. बेरीज तरीही कमी भरते. तुमच्या खिडकीवर त्या दिवशी दोन्हींचे भाव विचारा आणि याच रीतीने मांडून बघा. बाटचा फरक तीन टक्क्यांच्या आत आला तर बाटच घ्या, हेलपाटा वाचेल.

डॉलर घेताना १०० च्याच नोटा मागा. थायलंडमध्ये पाटीवर १०० च्या नोटेला एक भाव, ५० ला त्याहून कमी आणि २०, १० च्या नोटांना आणखी कमी असा वेगवेगळा लिहिलेला असतो. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेताना समोर दिसतात त्या बँकांच्या खिडक्या सोडा. तळघरात, शहरात जाणाऱ्या रेल लिंक या रेल्वेच्या स्टेशनाशेजारी मनी चेंजरच्या खिडक्या आहेत, तिथला भाव बराच बरा असतो. मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही.

दोघांना आमच्या मते एवढं पुरे: पहिल्या दिवसासाठी ३,००० बाट इथून, १०० च्या चार-पाच नोटा डॉलर, आणि बाकी कार्डावर. विमानतळावरून मीटरची टॅक्सी केलीत तर मीटरवर ५० बाट जास्तीचे आणि टोल वेगळा, ते सुटे हवेतच. रोख डॉलर एका प्रवासाला प्रत्येकी ३,००० पर्यंत नेता येतात, पण एवढी रोकड घेऊन फुकेतच्या किनाऱ्यावर कोण फिरणार?

शेजारच्यांचा मुलगा कुवेतहून सुट्टीवर आला आहे. तो म्हणतो, 'काका, बँकेत कशाला, माझ्याकडचे दिनार घ्या, बाजारभावाने देतो.' घ्यावेत का? (मालवण)

विकत घेऊ नका. आपल्याकडे गावोगाव हे चालतं आणि चालवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण परदेशी चलनाची खरेदी-विक्री रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेशी किंवा मनी चेंजरशीच करता येते. परदेशी चलनाबद्दलच्या १९९९ च्या फेमा कायद्यात दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. शिवाय तुमच्याकडे पावती नसेल, मग विमानतळावर विचारलं तर काय दाखवाल?

परदेशात राहणारा माणूस इथे भेटीला आला आणि त्याने भेट म्हणून चलन दिलं, तर ते ठेवता येतं. मात्र 'भेट' म्हणायचं आणि मागून रुपये द्यायचे, ही विक्रीच झाली. त्या मुलालाही सांगा की परत जाण्याआधी दिनार बँकेत मोडून टाक. येताना ५,००० डॉलरच्या किमतीवर नोटा आणल्या असतील तर कस्टम्सकडे त्याची नोंद करावी लागते, आणि तो कागद जपून ठेवावा.

मस्कतला लेकीकडे तीन महिन्यांसाठी जाते आहे. आमच्या ह्यांच्या जुन्या नोकरीतल्या ओमानी नोटा कपाटात आहेत. त्या चालतील का? किती रियाल न्यावेत? (खेड)

नोटेवरचं वर्ष बघा. २०२० पूर्वीच्या मालिकांतल्या ओमानी नोटा २०२४ अखेर चलनातून बाद झाल्या. दुकानदार त्या घेणार नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर निघू नका.

लेकीकडे राहणार असाल तर २०-३० रियाल हाताशी असले तरी भागेल. रियाल इथून घ्यायची घाई नको. तो डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे २.६० डॉलर, त्यामुळे डॉलर नेऊन तिथे बदलले तर विशेष तूट येत नाही.

आणि एक, कारण पहिल्यांदा जाणारे इथे हमखास गोंधळतात: रियालचे १०० नव्हे, १,००० बैसा होतात. दुकानात 3.500 असं लिहिलेलं दिसलं की ते साडेतीन हजार नसून साडेतीन रियाल. पण 0.350 ला 3.500 समजून नोट पुढे केलीत तर दहापट पैसे जातील. टिंबानंतर तीन आकडे मोजायची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्या.

फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड) घेतलं आहे. तिथल्या एटीएमवर काहीतरी 'कन्व्हर्जन' विचारतात म्हणे. हो म्हणायचं की नाही? (दापोली)

नाही म्हणायचं. पडद्यावर चित्र असं असतं: तुम्ही १०,००० बाट मागितले. मशीन रुपयांत एक आकडा दाखवतं, खाली एका बाजूला 'विथ कन्व्हर्जन' आणि दुसऱ्या बाजूला 'विदाउट कन्व्हर्जन'. पहिलं बटण मोठं, हिरवं असतं, आणि रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बोट तिकडेच जातं. ते दाबलं की भाव त्या मशीनवाल्या बँकेचा लागतो आणि पाच-सात टक्के सहज जातात. तुमच्या कार्डात बाटच भरलेले असतील तर नुकसान दुहेरी, कारण बाटचे रुपये आणि रुपयांचे परत बाट होतात. 'विदाउट' दाबलं म्हणून व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो, तिथे स्थानिक चलन निवडा.

थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क लागतं, तुमच्या बँकेचं वेगळं. तीनदा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. क्रेडिट कार्डाने रोकड काढूच नका, त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. ते कार्ड हॉटेलच्या डिपॉझिटसाठी ठेवा, कारण फॉरेक्स कार्डावर डिपॉझिट अडकलं तर मोकळं व्हायला बरेच दिवस लागतात आणि तोवर तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. साध्या कार्डावर परदेशातला वापर बंद असतो. तो निघण्याआधी ॲपमध्ये चालू करा, ओटीपी घरच्या रेंजमध्ये येतो तोवरच.

मागच्या सहलीतले डॉलर उरले आहेत. डिसेंबरात व्हिएतनामला जाणार, तेव्हा तेच नेऊ का? (देवगड)

ठेवायला हरकत नाही. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा ठेवता येतात, त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला विकाव्या लागतात. अडचण कायद्यापेक्षा आपल्या हवेची आहे. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या नोटेला दमट वास आणि कडेला तपकिरी डाग येतात. डाग, शाईची खूण, स्टेपलचं भोक किंवा जास्त घडी असलेला डॉलर तिकडचे मनी चेंजर परत करतात, नाहीतर भाव पाडतात. आत्ताच काढून उजेडात पाहा. डागाळलेल्या नोटा इथेच विकून टाका. चांगल्या असतील त्या सपाट, बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

तिथे पोचलात की आणखी एक सांभाळा. तिथलं चलन डाँग. २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळ्या आणि प्लास्टिकच्या, संध्याकाळच्या रिक्षात सारख्याच दिसतात. ५,००,००० च्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. नव्या नोटा एकमेकींना चिकटतात, म्हणून देताना अंगठ्याने घासून मोजा.