ऑलिंपिकचा खर्च आणि ऑलिंपिकची गरज

प्रश्न : प्रत्येक खेळाची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत असताना ऑलिंपिक किंवा राष्ट्रकुल स्पर्धांवर एवढा खर्च कशासाठी करायचा?

उत्तर : खर्चाबद्दलची आपली शंका रास्त आहे. १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज फिटायला माँट्रियलमध्ये २००६ साल उजाडले, आणि २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद खर्च झेपणार नाही म्हणून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२३ मध्ये सोडले. पुढे ग्लासगोने त्या केवळ १० खेळांपुरत्या स्वीकारल्या. मला हीच दिशा योग्य वाटते, कारण लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये बहुतांशी जुनीच मैदाने वापरून नफा मिळवला होता. स्पर्धाच बंद करणे मात्र मला मुळीच पटत नाही. फुटबॉल किंवा टेनिसचे ऑलिंपिकवाचून काही अडत नाही. तिरंदाजी, नौकानयन, भारोत्तोलन यांच्याकडे मात्र बहुतेकांचे लक्ष याच वेळी जाते. टोकियोत उंच उडीत कतारचा बर्शीम आणि इटलीचा ताम्बेरी २.३७ मीटरवर बरोबरीत राहिले, तेव्हा निर्णायक उडी न मारता दोघांनीही सुवर्णपदक स्वीकारले, आणि एरवी या खेळाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या असंख्य लोकांनी तो क्षण पाहिला.