पुण्यात रस्त्यावर कृष्णधवल व्यक्तिचित्रे टिपताना चौकट कशी मांडावी?

रंग वगळल्यावर चेहरा पार्श्वभूमीपासून वेगळा करणारा केवळ उजेड-अंधाराचा फरक उरतो, म्हणून माणसाआधी त्याच्यामागची जागा निवडावी. महात्मा फुले मंडईची १८८६ मधील दगडी वास्तू यासाठी उत्तम आहे: कमानीजवळ बसलेल्या विक्रेत्याच्या चेहऱ्यावर बाजूने उजेड पडत असेल आणि मागचा भाग काळोखात असेल, तर स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका लहानशा भागावरूनच उजेड मोजण्याची कॅमेऱ्यातील सोय) चेहऱ्यावरच ठेवावे, अन्यथा कॅमेरा अंधार उजळवण्याच्या नादात गाल पांढरेफटक करतो. टोमॅटो आणि मिरच्यांच्या राशींवर मात्र भिस्त ठेवू नये, कारण लाल व हिरवा करड्या छटेत बहुधा सारखेच दिसतात. ५० मिमीची लेन्स पुरेशी आहे. डोळे चौकटीच्या वरच्या तृतीयांशात ठेवावेत आणि, हे पुण्यात विशेष सांगावे लागते, आधी परवानगी विचारावी.