पुण्यात मॅच बघायला लोक कशामुळे कचरतात: तिकिटाचा दर की परिसराची भीती?

एकट्या पोराला विचारलंत तर तो दर सांगेल. घरच्यांना घेऊन जाणाऱ्याला विचारा, तो परतीचा रस्ता सांगेल. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं.

नेहरू स्टेडियम स्वारगेटला, भर वस्तीत. १९९६ च्या विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला हरवलं ते इथंच. मॅच सुटली की चहाची टपरी, रिक्षा, गर्दी. २०१२ पासून मॅच होतात ते गहुंजेचं मैदान मात्र शहराबाहेर, एक्सप्रेसवेच्या कडेला. तिथं गुन्हे जास्त होतात असं मी म्हणत नाही, पण रात्री अकराला मुलीचा हात धरून पार्किंगकडे चालताना माणूस आकडेवारी आठवत नाही, पुढचा दिवा कुठंय ते बघतो.

आमच्या घरी तर तिकिटाआधी आईचा प्रश्न, "येणार कसे?" मग कॅब धरावी लागते. चौघांचं तिकीट, कॅब, खाणं मिळून हिशोब होतो. म्हणजे भीतीही पैशातच मोजली जाते! म्हणूनच नुसता दर उतरवून कुटुंबं येत नाहीत, पोरांचे घोळके येतात.

भारताची मॅच असली की मात्र हे सगळं गुंडाळून ठेवतो आपण.