भ्रूण गोठवण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी

परदेशी राहणारं श्रीवर्धन-दापोलीकडचं कोकणी मुस्लिम जोडपं असो की वेंगुर्ला-सावंतवाडीकडचं कॅथलिक, आयव्हीएफचं, म्हणजे प्रयोगशाळेत बीज फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचं, नाव काढलं की घरून एकच प्रश्न येतो: "आपल्यात हे चालतं का?" परदेशातला दवाखाना मात्र फॉर्मवर दुसरंच विचारतो, उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं? तो रकाना घाईत भरला जातो आणि घोळ तिथेच होतो.

समजा 12 स्त्रीबीजं काढली. 8 फलित झाली, पाचव्या दिवशी 4 तगली, एक गर्भाशयात सोडलं. तीन गोठवणीत गेली.

नवरा-बायकोचंच बीज आणि लग्न टिकून असताना, एवढ्या अटीवर कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाने 1980 मध्ये आयव्हीएफला मान्यता दिली. सुन्नी उलेमा (धर्मपंडित) दात्याचं बीज मात्र नाकारतात. "120 दिवसांनी गर्भात रूह (आत्मा) येते, तोवर काही नाही" हे अर्धवट ऐकलेलं आहे. कोकणी मुस्लिम शाफई, म्हणजे सुन्नींमधल्या एका धर्मशास्त्रीय पंथाचे. त्याच पंथातले मध्ययुगीन विद्वान गझाली यांनी अगदी सुरुवातीचा गर्भ पाडणंही गैर मानलं. जेद्दाच्या फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने 1990 मध्ये सांगितलं की लागतील तेवढीच बीजं फलित करा. तरीही भ्रूणं उरलीच तर उपचार न करता आपोआप संपू द्या. म्हणून बीजं काढण्याआधीच डॉक्टरांना किती बीजं फलित करायची तो आकडा लेखी द्या. दानाच्या रकान्यावर काट मारा. तलाक किंवा मृत्यूनंतर भ्रूण वापरायचं नाही, हेही लिहा. कमी बीजं फलित केली तर एका फेरीतली संधी घटते, हे धरूनच चाला; बाकीची फलित न करता गोठवता येतात.

कॅथलिकांना ही पळवाटही नाही. गर्भधारणेच्या क्षणापासून व्यक्तीइतकाच मान, म्हणून व्हॅटिकनच्या 1987 च्या 'डोनुम वितै' या दस्तऐवजाने पती-पत्नीच्या बीजाचंही आयव्हीएफ नाकारलं. 2008 च्या 'दिग्नितास पेर्सोनै' या पुढच्या दस्तऐवजाने त्यासाठी स्त्रीबीजं गोठवणंही अमान्य केलं. बंद नळ्यांची शस्त्रक्रिया, एंडोमेट्रिऑसिसवरचे (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजारावरचे) उपचार, संप्रेरकं यांना हरकत नाही. आधी तिकडे वळा. भ्रूणं आधीच गोठवलेली असतील तर तयार उत्तर नाही. ती दुसऱ्या जोडप्याला 'दत्तक' देण्याचा हेतू चर्चला स्तुत्य वाटतो, मार्ग मात्र अडचणीचा. फादरशी बोला, साठवणुकीचं भाडं थकवून निर्णय टाळू नका.

मुंबईत भ्रूण गोठवून देशाबाहेर न्यायचं असेल तर 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, आणि भारतात साठवण फार तर 10 वर्षं. ब्रिटनमध्ये कमाल 55 वर्षं, पण संमती दर 10 वर्षांनी नव्याने द्यावी लागते. पत्ता बदललात तर दवाखान्याला आधी कळवा. स्मरणपत्र जुन्याच घरी जातं.