लेझरनंतर उजेड टोचतोय? आधी घरातला काळा गॉगल काढा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. डायबेटिसमुळे दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्याचं (रेटिनाचं) लेझर होऊन महिना होत आला, बँकेतलं काम दिवसभर स्क्रीनवर, पांढरी विंडो उघडली की सुई टोचल्यासारखं होतं, म्हणून आता घरातही काळा गॉगल आणि बेडरूमचे पडदे बंद. आणि शेवटी विचारलंय, नोकरी सोडू का?

नोकरीचं नंतर बघू. आधी घरातला गॉगल. ओळख ना पाळख आणि आल्या आल्या हुकूम सोडतेय, राग मानू नका. पण तुम्ही जे करताय ते मी सात आठवडे केलंय आणि त्याची किंमत माझा डावा डोळा अजून मोजतोय. मी डॉक्टर नाही, नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत हिशेब बघते, टॅली आणि एक्सेल. त्यामुळे खालचं सगळं एका पेशंटचं बोलणं समजून वाचा. तुमच्या डॉक्टरांनी अजून काही दिवस गॉगल लावायला स्पष्ट सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

शुगर-बीपी सांभाळा वगैरे लिहीत बसत नाही, ते तुम्हाला पाठ असेल.

माझं लेझर दोन वर्षांपूर्वी जानेवारीत झालं. प्रत्येक डोळ्याच्या तीन बैठका. पहिले काही तास सगळं गुलाबीसर दिसायचं, डोकं ठणकायचं, ते गेलं. उजेडाचं मात्र गेलं नाही. तशात मार्चएंड तोंडावर. मग जिथे लेझर केलं तिथे फोन लावला. नाव लिहीत नाही, कारण डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती फोन उचलणाऱ्या काउंटरची. मी सांगितलं, उजेड सहन होत नाही. तिकडून उत्तर आलं, "लेझरनंतर होतंच मॅडम, गॉगल लावा." झालं. कुठल्या डोळ्याला, कधीपासून, पुढची तपासणी कधी आहे, डॉक्टरांना विचारून सांगू का, एक प्रश्न नाही. आणि मी शहाणी, ते वाक्य डॉक्टरांचा हुकूम असल्यासारखं धरून बसले.

आधी गॉगल फक्त बाहेर. मग स्वयंपाकघरात, कारण ओट्यावरची ट्यूब टोचायची. मग ऑफिसात. माझ्या डोक्यावरची ट्यूब काढून घेतली, मॉनिटरचा ब्राइटनेस तळाला नेला, एक्सेलच्या सगळ्या शीटना फिकट हिरवट रंग भरला. पाच आठवड्यांत माझी अवस्था अशी की रात्री इन्शुलिनसाठी फ्रिज उघडला तर आतला तो एवढासा दिवा मला ट्रकच्या हेडलाइटसारखा लागायचा. मला वाटायचं, लेझर बिघडलंय. बिघडवत होते मी. मॅटिनी संपवून भर दुपारी थिएटरच्या बाहेर आल्यावर डोळे दिपतात ना? अंधारात राहिलं की डोळ्यातला पडदा जास्त संवेदनशील होत जातो, मग साधा उजेडही मारतो. मी सात आठवडे मॅटिनीत बसले होते.

आता जे खरं महागात पडलं ते. सहा आठवड्यांची तपासणी मार्चच्या मध्यात होती. तिथे बाहुली मोठी करायचे थेंब घालणार आणि वरून डोळ्यात दिवा मारणार, या धास्तीने मी ती दोनदा पुढे ढकलली. घरी कारण सांगितलं मार्चएंडचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑडिटरकडून एक फाइल आली, साधी पांढरी शीट, मी रंग न भरलेली. गॉगल कपाळावर सरकवून बघितलं तर सी आणि डी कॉलममधली उभी रेघ मध्येच वाकलेली. ताटात केस पडावा तशी. मला वाटलं मॉनिटर गेला. फाइल डावीकडे सरकवली, बाक माझ्या नजरेबरोबर सरकला. उजवा डोळा झाकला, जास्त वाकली. डावा झाकला, रेघ सरळ.

त्याच दिवशी गेले. ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन काढला, डाव्या डोळ्यात पडद्याच्या मधोमध सूज. डॉक्टर म्हणाले, काही जणांत लेझरनंतर मधली सूज वाढते, म्हणून तर सहा आठवड्यांनी बोलावतो. आधी डोळ्यात तीन इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने, नंतर आणखी दोन. नजर बरीचशी परत आली. पण एकट्या डाव्या डोळ्याला बारीक अक्षरातला इंग्रजी तीन आणि आठ अजून सारखेच दिसतात. हिशेबनिसाला हे काय संकट आहे ते तुम्हाला सांगायला नको.

ती रेघ बहुधा आधीच वाकायला लागली असणार. पण एक्सेलमध्ये सेलला रंग भरला की रेघा दिसेनाशा होतात, हे रोज बघूनही माझ्या डोक्यात आलं नाही. काळी काच, मंद स्क्रीन, रंग भरलेली शीट, ढकललेली तपासणी. उजेडापासून पळण्याच्या नादात डोळा तपासायची एकेक वाट मी स्वतःच बंद केली. म्हणून म्हणते, आज रात्री एक्सेलची एक कोरी पांढरी शीट उघडा, चष्मा लावा, एकेक डोळा झाकून मधल्या एका चौकोनाकडे बघा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधला भाग पुसट वाटला तर उद्या डॉक्टरांकडे. सगळं सरळ दिसलं तरी तपासणीची तारीख ढकलू नका. घरच्या शीटने ओसीटीचं काम भागत नाही.

लेझरला शिव्या देऊ नका, हेही सांगते. मी खूप दिल्या. कडेच्या पडद्यावर डाग देऊन त्याची ऑक्सिजनची भूक कमी करतात, म्हणजे नव्या कच्च्या रक्तवाहिन्या उगवणं थांबतं, असं मला समजावलं होतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात यावर मोठी चाचणी झाली, लेझर केलेल्या डोळ्यांत नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. त्याचा मोबदला आपण देतो. बाहुली आवळणाऱ्या आणि जवळचं फोकस करणाऱ्या नसा पडद्यामागूनच जातात, त्यांनाही थोडी धग लागते. म्हणून बाहुली उजेडाला आळशी होते आणि जवळचं वाचताना ताण येतो. बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत, महिन्यांत निवळतं. कडेची नजर आणि रात्रीची नजर थोडी जाते, ती मात्र माझी परत आली नाही.

गॉगल मी एकदम फेकला नाही. आधी घरातून काढला, पडदे अर्धे उघडे. चार-पाच दिवसांनी पूर्ण उघडे. मग ऑफिसात. पहिले दहा दिवस वाईट गेले, डोळे गळायचे, दोनदा रडूही आलं. महिन्याभरात फ्रिजचा दिवा परत फ्रिजचा दिवा झाला. उन्हात मात्र गॉगल हवाच, आणि त्यावर कडा असलेली टोपी. नाशकातलं एप्रिलचं ऊन नुसत्या काचेला ऐकत नाही, बाजूने आणि वरून घुसतं. मी तपकिरी छटेची काच घेतली, ती काळ्यापेक्षा बरी वाटली. ज्याची त्याची आवड.

आता स्क्रीन. स्क्रीनशेजारी एक कोरा कागद धरा. स्क्रीन त्याच्यापुढे दिव्यासारखा पेटलेला दिसला तर ब्राइटनेस जास्त, मळकट दिसला तर कमी. दिवसातून दोनदा तरी बदलावा लागतो, कारण खोलीचा उजेड बदलतो. खिडकी समोरही नको आणि पाठीमागेही नको, बाजूला हवी. सगळे डार्क मोड सांगतील. मला नाही मानवला, काळ्यावर पांढरी अक्षरं फुटतात, भोवती धुकं येतं. काहींना मानवतो, दोन दिवस वापरून बघा. मी पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी ठेवते, अक्षरं सव्वापट मोठी. कडेची नजर गेल्याने कर्सर सारखा हरवतो. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये एक पर्याय आहे, तो चालू केला की कंट्रोल बटण दाबल्यावर कर्सरभोवती वर्तुळं येतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि खोकं. हसू नका. द्राक्षांचं पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, तळ आणि एक बाजू कापली, आतून काळा चार्टपेपर चिकटवला आणि मॉनिटरवर झडपेसारखं बसवलं. डोक्यावरची ट्यूब परत लावल्यावर तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडायचं ते बंद. फुकटात काम झालं. ते करावं लागलं कारण आमच्या अॅडमिनला मी खिडकी बाजूला येईल अशी जागा द्या असं तीनदा लिहून दिलं होतं. उत्तर आलं, "सगळ्यांना चालतो तो लाइट तुम्हालाच कसा चालत नाही?" काय बोलणार? पाय प्लास्टरमध्ये असता तर खुर्चीसकट उचलून नेलं असतं. डोळ्यातलं दिसत नाही ना कुणाला. शेवटी डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी आणली, "उजेड मागून किंवा समोरून नको, दर अर्ध्या तासाने विश्रांती." चिठ्ठी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी टेबल हललं. तुम्हीही आधी चिठ्ठी घ्या, माझ्यासारखे अर्ज करत बसू नका. राजीनाम्याचा विचार त्यानंतर, आणि तोही निदान तीन महिने थांबून.

चष्म्याच्या दुकानात ब्ल्यू कट, म्हणजे निळा उजेड अडवणारी काच, गळ्यात मारतील. माझ्या मारला. २०२३ मध्ये कॉक्रेन या औषधोपचारांवरचं संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या लोकांनी १७ चाचण्या एकत्र बघितल्या आणि स्क्रीनच्या थकव्यावर या काचांचा फारसा फायदा दिसत नाही असं म्हटलं. हे भाचीने दाखवलं, पैसे देऊन झाल्यावर. शिवाय शुगर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो. शुगर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय महागडा चष्मा करू नका. मी घाईत प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) केला, तो आता कपाटात आहे. कॉम्प्युटरच्या अंतराचा साधा वेगळा चष्मा मला जास्त उपयोगी पडला.

पापण्या मिटायला विसरतो आपण, त्यात डायबेटिसवाल्यांचे डोळे बऱ्याचदा आधीच कोरडे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा म्हणतात. माझ्या खिडकीतून वीस फुटांवर समोरच्या कारखान्याची पत्र्याची भिंत आहे, तिच्याकडे बघते. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूथेंब डॉक्टरांना विचारून घ्या. पण लेझरच्या वेळचे स्टिरॉइडचे थेंब उरलेत म्हणून पुन्हा घालू नका, मेडिकलवाला "तेच चालू ठेवा" म्हणाला तरी. त्याने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं.

गाडी चालवता का, ते लिहिलं नाहीत. मी रात्रीची अॅक्टिव्हा सोडली. समोरून हेडलाइट आला की पुढचे काही सेकंद रस्ताच नसतो, आणि द्वारकेच्या चौकात बाजूने कोण घुसलं ते कळायच्या आत तो पुढे गेलेला असतो. आता सिटीलिंकच्या शहर बसने जाते. थेंब घालून तपासणी असेल त्या दिवशी तर गाडी नेऊच नका, चार-सहा तास धुरकट जातात. शक्यतो संध्याकाळची वेळ घ्या, बाहेर पडताना ऊन उतरलेलं असतं. रंगपंचमीला कुणी रहाडीवर (रंगाच्या पाण्याच्या हौदावर) ओढलं तर यंदा लांबूनच बघा.

एवढ्यासाठी मात्र थांबू नका. अचानक काळे ठिपके किंवा जाळी उतरली, कडेने पडदा ओढल्यासारखं झालं, किंवा डोळा लाल होऊन दुखतोय आणि उलटी होतेय, तर फोन नाही, काउंटर नाही, सरळ त्याच दिवशी जाऊन बसायचं.

तुमची पुढची तपासणी कधी आहे ते इथे लिहा. आणि खोकं कसं कापायचं ते शब्दांत नीट सांगता येईना, रविवारी माझ्या टेबलाचा फोटो टाकते.